पाणी उतरले की भिगवण गाठावे

पुणे-सोलापूर रस्त्यावर पुण्यापासून शंभरएक किलोमीटरवर भिगवण लागते. मासळीच्या जेवणासाठी प्रवासी येथे नेहमीच थांबत आले आहेत. हिवाळा सरू लागला, की गळ्यात दुर्बीण अडकवलेली मंडळी महामार्ग सोडून कुंभारगाव नाहीतर डिकसळच्या वाटेला लागतात. ओढ असते रोहित पक्ष्यांची, म्हणजेच फ्लेमिंगोंची.

हा जलाशय निसर्गाने दिलेला नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. काठची गावे बुडाली, माणसे उठली आणि मागे पसरलेल्या उथळ पाण्यावर पाखरे आली. धरण तुडुंब असते तेव्हा रोहितांना तेथे काही मिळत नाही. शेतीसाठी पाणी सुटून पातळी घटली, काठचा चिखल उघडा पडला, की थवे उतरतात. म्हणून पाऊसकाळ चांगला झालेल्या वर्षी ते उशिरा येतात. फेब्रुवारी-मार्च साधावा हे बरे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून याच पाण्यात येते, ही गोष्ट मात्र नजरेआड करण्याजोगी नाही.

रोहिताचे खाणे पाहण्यासारखे असते. मान खाली घालून तो चोच चक्क उलटी धरतो आणि जिभेने पाणी आतबाहेर करत बारीक जीव गाळून घेतो. गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. पिल्ले करड्या रंगाची असतात, ती हळूहळू रंगतात. थव्यात अशी फिकट पोरे शोधण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. चित्रबलाकांची घरटी पाहायची तर जवळचा भादलवाडी तलाव.

कुंभारगावचे मच्छीमार पहाटे आपल्या होडीतून पाहुण्यांना नेतात. कोणता थवा कुठे बसला आहे, हे त्यांना पुस्तकवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक असते. पण काही हौशी छायाचित्रकार उडत्या थव्याच्या फोटोसाठी नावाड्याला होडी थेट पाखरांच्या अंगावर घालायला लावतात. रोहिताला पाण्यावरून बराच धावत जाऊन उडावे लागते. सकाळी चार होड्यांनी चारदा उठवले, तर त्याने खायचे कधी? कच्छच्या रणापर्यंतचा पल्ला मारायचा तर अंगात बळ हवे. नावाडी बिचारा गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. तेव्हा होडीत बसण्यापूर्वीच पाहुण्याने सांगून टाकावे, ‘दादा, लांबच थांबवा, उडवू नका.’ इंजिन बंद करून बांबूने होडी सरकवणारा नावाडी भेटला, तर त्याला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. स्थिर होडीपासून पाखरे फारशी बिचकत नाहीत, आणि फोटोही चांगला येतो.

कपडे मळकट रंगाचे असावेत. पाण्याची बाटली आणि मुलांसाठी टोप्या विसरू नयेत, कारण नऊनंतर ऊन चटकते. मुक्काम असेल, तर संध्याकाळी इंदापूर तालुक्यातल्याच कडबनवाडीच्या माळरानावर जावे. तेथे गवतात चिंकारा दिसतात आणि थंडीत भोवत्या जमिनीलगत घिरट्या घालत असतात.