रक्त वाहू लागले तर

ऊसतोडीत कोयता निसटतो आणि पायावर बसतो. रक्ताची धार लागते. आपण घाबरतो. कोणी हळद आणतो, कोणी तंबाखू, कोणी माती. यांतले काहीच जखमेत भरू नये. त्याने घाण आत जाते, जखम चिघळते.

मग काय करावे? माणसाला आडवे निजवावे. धुतलेल्या फडक्याची घडी जखमेवर ठेवावी आणि तळहाताने घट्ट दाबावी. निदान १० मिनिटे हात काढू नये. थांबले का, म्हणून सारखे उचलून पाहू नये. फडके भिजले तर तसेच राहू द्यावे. वर दुसरे ठेवून आणखी जोराने दाबावे.

झाडावरून पडलेल्या माणसाचे रक्त कधी बाहेर दिसतच नाही. ते पोटात वाहते. हे कसे ओळखावे? अंग गार पडते, घाम सुटतो, चेहरा पांढरा होतो, नाडी जलद चालते, माणूस बरळतो. त्याला पांघरूण घालावे. पाणी, चहा काही पाजू नये. मान किंवा पाठ दुखत असेल तर उठवून बसवू नये.

अशा वेळी लगेच १०८ नंबरला फोन करावा. महाराष्ट्रात २०१४ सालापासून ही रुग्णवाहिका आहे. तिला पैसे पडत नाहीत. रक्त थांबले तरी दवाखान्यात जावेच. धनुर्वाताची सुई लागेल का, ते विचारावे.

आपण आता लिहायला शिकलो. मग १०८ हा आकडा आजच घराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवू या.