खाकी आणि आपण (भाग ६) : भिवंडीतला शिपाई

गेल्या भागात आपण ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी बराच वेळ थांबलो होतो. तक्रार घ्यायला टाळाटाळ का होते, दखलपात्र गुन्ह्यातही 'एनसी' म्हणजे अदखलपात्र नोंद लिहून माणसाची बोळवण कशी केली जाते, नोंदलेले गुन्हे वाढले की वरून विचारणा होते आणि म्हणून आकडा दाबून ठेवण्यालाच कर्तबगारी कसं समजलं जातं, हे पाहिलं. हे बदलायचं कसं, असं विचारलं की ठरलेली दोन उत्तरं मिळतात. मनुष्यबळ वाढवा आणि जनजागृती करा. पहिल्याकडे पुढे येऊ. दुसऱ्यात मला फारसा रस नाही. हवालदाराला राखी बांधणाऱ्या मुलींचे फोटो छान येतात. पण त्यांच्यापैकी एखादीच्या घरी चोरी झाली आणि बापाला ठाण्यातल्या बाकावर अर्धा दिवस बसवून ठेवलं, की त्या राखीचा हिशेब तिथेच मिटतो.

विश्वास वाढतो कसा, हे पाहायला लांब जायची गरज नाही. मुंबईहून नाशिक रस्त्याने तासा-दीड तासात भिवंडी येते. यंत्रमागांचं हे शहर. मागांवर उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली, भोवतालच्या गावांत आगरी-कोळी, सूत आणि कापडाच्या व्यापारात गुजराती-मारवाडी. मे 1970 मध्ये इथे शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल उसळली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. त्या अहवालात पोलिसांच्या पक्षपातावर आणि नंतरच्या तपासावर जे कोरडे ओढले आहेत, ते आजही वाचताना चपराक बसल्यासारखं होतं. अहवाल आला, कपाटात गेला. 1984 च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली आणि शंभराहून अधिक माणसं मेली.

1988 साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. 1984 च्या दंगलीचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. त्यांचं लक्ष गेलं ते एका अगदी नित्याच्या, कुणी प्रश्नही विचारू नये अशा व्यवस्थेकडे : शांतता समिती. गणपती, मोहरम, शिवजयंती जवळ आली की ठाण्यात बैठक बोलावली जाते. दोन्ही बाजूंचे पुढारी, नगरसेवक, एखादा व्यापारी, एखादा मौलवी येतात, चहा-बिस्किटं होतात, 'सण शांततेत पार पाडू' असं एकमेकांना सांगून मंडळी उठतात. यातले काही जण गल्लीतल्या भांडणावरच पुढारी झालेले असतात. ऐन वेळी त्यांच्याकडून शांततेची अपेक्षा धरणं हा भाबडेपणा. आणि या सगळ्या बैठकीत त्या गल्लीत रोज फिरणारा शिपाई कुठे असतो? दाराबाहेर, साहेबांच्या गाडीपाशी.

खोपड्यांनी हा क्रम उलटा केला. शहराचे लहान लहान भाग पाडून सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. सभासद म्हणून त्या भागातली साधी माणसं घेतली, दोन्ही धर्मांची. समिती चालवायची जबाबदारी टाकली ती शिपाई-हवालदारांवर. सण असो वा नसो, बैठका होत राहायच्या. विषय धर्माचे नसायचेच बहुधा. पाणी, कचरा, दोन शेजाऱ्यांची कुरबुर, वस्तीत नव्याने आलेला कुणी उपद्रवी. वर्षानुवर्षं गल्लीत वावरूनही ज्याला कुणी नावाने ओळखत नव्हतं, त्या शिपायाला लोक आता घरी चहाला बोलावू लागले.

वरवर पाहता यात विशेष काही नाही, आणि मला तीच या प्रयोगाची खरी ताकद वाटते. वेगळा निधी, नवं पथक, नवा कायदा यांतलं काही लागलं नाही. बदल झाला तो ठाण्यातल्या उतरंडीत. आपल्या पोलीस दलाचा सांगाडा 1861 च्या कायद्यातून आला. 1857 नंतर इंग्रजांना हवं होतं हुकूम झेलणारं दल. शिपायाने विचार करायचा नाही, बोलायचं नाही, लोकांत मिसळायचं तर नाहीच. मुंबई पोलीस कायदा 1951 सालचा, आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात; पण शिपायाकडे पाहण्याची ती नजर मात्र नाव बदलून गेली नाही. ज्याला दलातच कुणी मान देत नाही, तो फिर्यादीला मान देईल कुठून?

परीक्षा 6 डिसेंबर 1992 ला आली. बाबरी मशीद पडली आणि मुंबईत डिसेंबरमध्ये, मग पुन्हा जानेवारीत जे झालं, त्यात नऊशेच्या घरात माणसं गेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे तोवर बदलून गेले होते. अधिकारी गेला तरी व्यवस्था उभी राहिली, ही गोष्ट मला शांततेइतकीच मोलाची वाटते. अफवा उठली की समितीतला माणूस थेट ओळखीच्या शिपायाला विचारत होता, आणि शिपायाकडे सांगायला खरी माहिती होती. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही हिंदू-मुस्लिम संबंधांवरच्या आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. दोन समाजांना जोडणारं जाळं पोलिसांच्या पुढाकाराने विणलं जाऊ शकतं, याचं हे दुर्मीळ उदाहरण. मुंबईला शहाणपण जळल्यावर आलं. 1994 मध्ये ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती परीकथा होईल. जुलै 2006 मध्ये याच भिवंडीत नव्या पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला आणि पोलिसांच्या गोळीबारातही माणसं मेली. लोकांच्या रक्षणासाठी बांधायचं ठाणंच भांडणाचं कारण ठरावं, याहून मोठी नाचक्की कोणती? ज्या शहरात शिपाई समित्या चालवत होते, तिथे चौदा वर्षांत हे अंतर पुन्हा पडलं. असले संबंध एकदा जोडून भागत नाही. ते सतत वापरात ठेवावे लागतात, आणि त्यासाठी माणूस जागेवर टिकावा लागतो.

इथे बदल्यांचा मुद्दा येतो. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी पोलीस सुधारणांचे आदेश दिले. महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षं मुदत, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची फारकत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, ही त्यातली ठळक कलमं. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यानुसार निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्याला एका ठाण्यात दोन वर्षं आणि शिपाई-हवालदाराला एका जागी पाच वर्षं मिळतात. मुदतीआधी बदली करण्याची पळवाट सरकारने जनहिताच्या नावाखाली स्वतःकडे ठेवलीच, त्यावर वेगळा लेख होईल. आज पाहायचे ते दोन आणि पाच हे आकडे. साहेब दोन वर्षांत जाणार, शिपाई पाच वर्षं राहणार. मग वस्तीशी ओळख कुणाची व्हायला हवी? खोपड्यांचा हिशेब इतका साधा होता.

अडचण अशी की या शिपायाकडे वेळच नाही. बारा तासांची पाळी, वर बंदोबस्त. गणपती, नवरात्र, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे, मोर्चे, क्रिकेटचे सामने. बीटवरचा, म्हणजे नेमून दिलेल्या वस्तीतला माणूस उचलून कुठेही उभा केला जातो. समन्स बजावणं त्याच्याकडे, पासपोर्टची पडताळणी त्याच्याकडे. घरी जायचं तर विरार नाहीतर बदलापूरची गाडी. 2016 मध्ये मुंबईचे तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू केला. कल्पना एका पोलीस शिपायाने मांडली होती, हे आवर्जून सांगायला हवं. पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांतही नेला गेला. माणसं अपुरी असताना तीन पाळ्या बसवणं अवघड, हे खरं आहे, आणि मनुष्यबळाची मागणी इथे रास्त ठरते. पण नवी भरती करून तीही बंदोबस्तालाच उभी करायची असेल, तर वस्तीला त्याचा फायदा शून्य.

माझं मत सरळ आहे. प्रत्येक ठाण्यात बीटवरचे शिपाई बंदोबस्तातून वगळावेत. निदान वर्षातले ठरलेले दिवस त्यांना हात लावू नये. त्यांच्या कामाचं मोजमाप अटकांच्या आकड्यावर करू नये. आणि ठाणे प्रमुखाला नोंदलेल्या गुन्ह्यांच्या संख्येवरून झापणं वरिष्ठांनी थांबवावं. सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या ललिता कुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक केली आहे. तरीही तक्रार न नोंदवणाऱ्याचं कौतुक होत राहिलं, तर त्या निकालाला कागदापुरतीच किंमत उरेल.

वाचकांसाठी दोन कामं. आपल्या भागाचा बीट अंमलदार कोण, हे आपल्याला ठाऊक आहे का? नसेल तर या आठवड्यात ठाण्यात जाऊन नाव आणि फोन नंबर विचारून घ्या, तक्रार नसतानाच. दुसरं, तक्रार करावी लागलीच तर एफआयआरची प्रत मागा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार ती विनामूल्य मिळते, आणि हद्द कुणाचीही असली तरी ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवावीच लागते. नकार मिळाला तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांकडे. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पुढच्या आठवड्यात : पोलिसांविरुद्ध तक्रार घेणारं प्राधिकरण आणि तिथवर पोहोचण्याची वाट.