जॅक उचलतो, घोडी धरते

मी बोलतोय लखनौच्या मानक नगरातून. मानक म्हणजे आपल्या मराठीत प्रमाण. १९३० सालचं सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ सालचं रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर या दोन संस्था १९५७ मध्ये एकत्र करून रेल्वेने आरडीएसओ उभी केली. तिची ही वसाहत, आणि म्हणून हे नाव. माझी नोकरीची शेवटची वर्षं इथे गेली आणि निवृत्तीनंतर मी इथेच जवळ घर केलं.

आजचा विषय वरवर पाहता छोटा आहे. बसकी, जमिनीलगतची स्पोर्ट्स कार घरच्या घरी वर घेऊन घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, कशी ठेवायची. पण हा विषय घेण्यामागे एक कारण आहे आणि ते आधी सांगतो.

माझ्याकडे एक जुनी सॅन स्टॉर्म आहे. आपल्या गोव्यात बनलेली दोन सीटची उघडी गाडी, १९९८ साली बाजारात आलेली. फायबरचं अंग, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद पुढच्या चाकांना. ती बनवणारा उद्योगसमूह बंगळूरला रेल्वेची छोटी डिझेल इंजिनं बनवायचा, म्हणून मला तिच्याबद्दल जास्तच जिव्हाळा. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मुलगा सुट्टीला आला होता. दोघांनी मिळून तेल बदलायचं ठरवलं. घरासमोरच्या डांबरी गल्लीत, दुपारी चारला, पुढचा भाग दोन घोड्यांवर घेतला. मुलगा खाली शिरून नट सैल करत होता. आतून हाक आली, "चहा झालाय, या." तो बाहेर आला, हात पुसले, आणि आम्ही पायरीपर्यंत पोहोचतोय तोच मागे घसरल्याचा आवाज झाला. डावी घोडी तापलेल्या डांबरात रुतून कलली होती आणि गाडी तिच्यावरून घसरून खाली आली होती. तेलाचं घमेलं चपटं झालं होतं. मुलाचं डोकं दोन मिनिटांपूर्वी त्या घमेल्याशेजारी होतं.

चूक सर्वस्वी माझी होती. गाडीची नाही, घोडीची नाही, आणि उन्हाचीही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर चाळीस टनांचे डबे उचललेले पाहिले, त्याला एक लहान गाडी उचलताना जमीन तपासायचं सुचलं नाही. म्हणून हे बोलणं.

रेल्वे डबा कसा उचलते

डबा बोगींवरून सुटा करायचा असतो तेव्हा डेपोत व्हायटिंग जॅक लावतात. चार कोपऱ्यांना चार, विजेवर चालणारे, एकाच वेळी वर जाणारे. डब्याला जॅक कुठे टेकवायचा ती जागा ठरलेली असते. दुसरीकडे लावला तर चौकट वाकते. डबा वर गेला, बोगी बाहेर काढली, की डब्याखाली लोखंडी घोड्या लावतात आणि भार त्यांच्यावर उतरवतात. त्याआधी खाली कोणी जात नाही. जॅक कितीही भक्कम असो, नियम नियम असतो.

यात पाच गोष्टी आहेत: जमीन, अडकण, टेकायची जागा, थोडंथोडं उचलणं, आणि भार घोडीवर देणं. घरच्या गाडीलाही याच पाच लागतात.

जॅकवर भरवसा का नाही

हायड्रॉलिक जॅकमध्ये एक बारीक दट्ट्या तेल दाबतो आणि त्याच दाबाने जाड दट्ट्या वर जातो. जाड दट्ट्याचं क्षेत्रफळ जितके पट, जोर तितके पट. म्हणून आपण एका हाताने गाडी उचलतो. पण वर गेलेली गाडी धरून कोण ठेवतं? रबराचं एक वायसर आणि एक छोटी झडप. वायसर झिजलं, झडपेत कचऱ्याचा कण अडकला, किंवा कोणाचा पाय दांड्याला लागून झडप फिरली, की गाडी खाली येते. कधी हळूहळू, कधी एकदम. घोडीत मात्र लोखंडावर लोखंड टेकलेलं असतं. म्हणून जॅकचं काम उचलण्यापुरतं, धरण्याचं काम घोडीचं.

घोडीही डोळे झाकून घेऊ नये. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या हत्यारांच्या दुकानसाखळीने सतरा लाखांहून जास्त घोड्या परत मागवल्या, कारण दातऱ्यातला खटका निसटू शकत होता. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींत वेल्डिंगचा दोष निघाला आणि त्याही परत घ्याव्या लागल्या. मी स्वतः आरपार पिन जाणारी घोडी पसंत करतो. दातऱ्याची असेल तर खटका पूर्ण बसलाय ना ते डोळ्यांनी पाहतो, आणि वर जादा पिन असेल तर तीही घालतो. पाटीवर लिहिलेलं वजन एका घोडीचं आहे की जोडीचं, तेही वाचा.

विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे, रचलेले दगड, यांपैकी काहीही नको. लाकूड फुटायच्या आधी कुरकुरतं. वीट काही न सांगता फुटते.

बसक्या गाडीची अडचण

उंच गाडीखाली कुठलाही जॅक जातो. बसक्या गाडीच्या पुढच्या ओठाखालीच जागा नसते. साध्या ट्रॉली जॅकचं डोकं खाली असतानाही तेरा-चौदा सेंटिमीटरवर असतं. बुटका जॅक आठ-नऊ सेंटिमीटरचा मिळतो, तो घ्यावा. तरी आत जात नसेल तर पुढची चाकं फळ्यांवर चढवा. फळी टायरपेक्षा रुंद, चार सेंटिमीटर जाडीची, चढायच्या बाजूला रंधून उतरती केलेली, आणि पुढच्या टोकाला आडवी पट्टी ठोकलेली, म्हणजे चाक पलीकडे जाणार नाही. चार सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण जॅक आत जातो तो त्यांच्यामुळेच.

दुसरी अडचण उंचीच्या हिशोबाची. समजा घोडीची कमीतकमी उंची २८ सेंटिमीटर आहे आणि गाडीचा टेकायचा भाग जमिनीपासून १३ वर आहे. म्हणजे तो १५ सेंटिमीटर उचलायला हवा. पुढून उचलताना गाडी मागच्या चाकांवर फिरते. घोडीची जागा मागच्या आसापासून दीड मीटर पुढे आणि जॅकची जागा २.३ मीटर पुढे असेल, तर घोडीजवळ १५ मिळवायला जॅकला २३ सेंटिमीटर उचलावं लागतं. आणि त्याच वेळी आसाच्या ६० सेंटिमीटर मागे असलेला सायलेन्सरचा शेंडा ६ सेंटिमीटर खाली जातो. हे गणित आधी कागदावर करा. अर्ध्यात जॅक संपला किंवा मागचा बंपर जमिनीला टेकला, की माणूस घाईत काहीतरी खाली सरकवतो. अपघात तिथेच होतात.

आता क्रमाने

जागा आधी. सपाट काँक्रीट सर्वात चांगलं. डांबर, इंटरलॉकिंग ब्लॉक, माती यांवर नको. नाइलाज असेल तर प्रत्येक घोडीखाली अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडचा मोठा तुकडा हवा, आणि उन्हात तापलेल्या डांबरावर तोही नको. उतार डोळ्यांना दिसत नाही; गोटी ठेवून पाहा. ती घरंगळली तर गाडीही घरंगळू शकते.

मग चाकं. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. म्हणून पुढचा भाग उचलताना हँडब्रेक ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. मागचा भाग उचलायचा असेल तर हँडब्रेकचा उपयोग चाकं जमिनीवर आहेत तोवरच. तेव्हा गुटके पुढच्या चाकांना लावायचे आणि, ताकद पुढच्या चाकांना असेल तर, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. चाक काढायचं असेल तर नट आताच पाव वळसा सैल करा. किल्ली खिशात ठेवा.

मग टेकायची जागा. ती गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते. बहुतेक गाड्यांना दरवाजांखालच्या पत्र्याच्या दुमडीवर दोन खाचा असतात, त्यांच्या मधली जागा मजबूत केलेली असते. तिथे खाच पाडलेला रबरी ठोकळा लागतो, नाहीतर दुमड चेपते. माझ्या स्टॉर्मसारख्या फायबरच्या गाडीत भार पोलादी भागालाच मिळाला पाहिजे, फायबर तडकतं. इंजिनच्या तेलाच्या टाकीखाली किंवा गिअरबॉक्सखाली जॅक कधीही नाही. एक पेच असतो: जिथे जॅक लावला तिथे घोडी मावत नाही. म्हणून पुस्तकाने मध्यभागी पुढची आडवी पोलादी कैची उचलायला परवानगी दिली असेल तर जॅक तिथे लावा आणि दोन्ही बाजूंच्या जागा घोड्यांसाठी मोकळ्या ठेवा.

उचलताना एक बारकावा आहे, तो आलमबागच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला दाखवला. जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. त्यामुळे उचलताना जॅकने चाकांवर थोडं सरकायलाच हवं. खाली खडी असेल किंवा जॅकचं चाक फटीत अडकलं असेल, तर जॅकऐवजी त्याचं डोकं गाडीखाली सरकतं. मिस्त्री म्हणाले, "जैक को चलने दीजिए, वरना गाड़ी चलेगी." दर चार-पाच दाबांनंतर थांबून जॅकची चाकं आणि डोकं पाहा.

घोड्या सर्वात खालच्या खाचेत लावा, दोन्ही सारख्या. खटका, पिन तपासा. मग झडप अगदी केसभर उघडून गाडी हळूहळू उतरवा. घोडीचे चारही पाय जमिनीला टेकलेत ना, भार डोक्याच्या मधोमध आहे ना, हे पाहा.

चारही चाकं उचलायची असतील तर हा टप्पा सर्वात धोक्याचा, हे लक्षात ठेवा. पुढचा भाग घोड्यांवर आहे, आणि मागची चाकं जमीन सोडतात त्या क्षणी हँडब्रेक आणि गुटके दोन्ही निकामी होतात. शिवाय मागचा भाग वर जाताना गाडी पुढच्या घोड्यांवर फिरते, आणि एका बाजूला फार उंच गेलात तर घोड्या कलतात. म्हणून पुढे एक टप्पा, मागे एक टप्पा, मग पुन्हा पुढे, असं जायचं. आणि नुसतं तेल बदलायला पुढचा भाग पुरेसा असेल, तर मागचा उचलूच नका.

खाली जाण्याआधी

बाजूला उभं राहून गाडीला कमरेच्या उंचीवर दोन्ही हातांनी जोरात हलवा, पुढून, मागून, बाजूने. जी गाडी तुमच्या धक्क्याने पडते, ती तुम्ही खाली असताना अडकलेला नट झटक्याने सोडवताना पडणारच होती. आता पडली तर पत्रा जाईल, बस.

जॅक काढू नका. तो नुसता टेकेल इतका वर ठेवा. काढलेलं चाक किंवा स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवा. घोडी गेलीच तर गाडी रिमवर थांबेल आणि माणसाला जागा उरेल. काम संपल्यावर उतरवताना आधी ते चाक बाहेर, हत्यारं बाहेर, मुलं आणि कुत्री लांब. मग जॅकने जरासा भार घेऊन घोडी सोडवायची. चाकाचे नट जमिनीवर आल्यावर पूर्ण आवळायचे. गाडी काही मीटर चालवली की सस्पेन्शन मूळ जागी बसतं.

आणि एकटे असाल तर खाली जाऊ नका. हाकेच्या अंतरावर कोणीतरी हवं, आणि त्याला हेही माहीत हवं की माणूस अडकला तर त्याला ओढायचं नाही, जॅक लावून गाडी उचलायची आणि ११२ ला फोन करायचा.

त्या दिवसानंतर मी गॅरेजपुरता काँक्रीटचा तुकडा ओतून घेतला. ते चपटं घमेलं फेकलं नाही, भिंतीला टांगलं आहे. मुलगा आता सुट्टीला आला की तोच जॅक चालवतो. खाली जायच्या आधी तो गाडीला धक्का देतो, माझ्याकडे पाहतो, आणि मीही एकदा देतो. घमेल्याकडे आम्ही दोघंही बघत नाही, पण ते तिथे आहे हे दोघांनाही माहीत असतं.