शोना भाषेतील एक शब्द आणि औषधाचे सातत्य

झिंबाब्वेमधील बहुसंख्य लोकांची भाषा शोना. तीत ‘कुफुंगा’ म्हणजे विचार करणे. या क्रियापदाच्या धातूस आधिक्यवाचक प्रत्यय लागला की ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार करणे, हे रूप सिद्ध होते. झोप उडविणारी चिंता व मनाला ग्रासणारी खिन्नता यांस शोनाभाषक याच शब्दाने ओळखतात.

एचआयव्हीच्या उपचाराशी या शब्दाचा निकटचा संबंध आहे. विषाणुरोधक गोळ्या जन्मभर, रोज घ्याव्या लागतात. त्या नियमाने घेतल्यास रक्तातील विषाणू मोजणीत न येण्याइतके घटतात व शरीरसंबंधातून दुसऱ्यास लागण होत नाही. वारंवार खंड पडल्यास विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधास दाद देईनासा होण्याचा संभव असतो. खिन्नता आघात करते ती नेमकी या नियमावर. स्मरण, उत्साह व उद्याविषयीची आस्था मंदावली म्हणजे उशाशी ठेवलेली गोळीही तशीच राहते. अशा रोग्यास ‘निष्काळजी’ म्हणणे हे निदान नव्हे, दूषण होय. आणि दूषणाच्या भयाने तो चुकलेल्या गोळ्या सांगतच नाही.

म्हणून प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, यास महत्त्व येते. मुंबईत जन्मलेले व पुढे गोव्यात कार्य केलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी १९९० नंतरच्या दशकात हरारे येथे सहकाऱ्यांसह चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली सिद्ध केली. तीत अतिविचाराची विचारपूस आहे. २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तेथील म्बारे वस्तीत आरोग्यसेविका आजीबाईंना दवाखान्याबाहेरील बाकावर बसवून हेच संभाषण आरंभिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७३ रुग्ण होते; त्यांपैकी सुमारे ४२ टक्के एचआयव्हीबाधित होते. सहा महिन्यांनंतर बाकावरील गटाची मनःपीडा दुसऱ्या गटाहून पुष्कळच कमी आढळली. चाचणीचे मुख्य मोजमाप मनःपीडेचे होते, गोळ्यांच्या सातत्याचे नव्हे, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. तथापि सातत्यातील एक मोठा अडथळा अशा रीतीने बोलण्याच्या कक्षेत आला.

मराठीतही ‘नैराश्य’ हा बहुधा ग्रंथातील शब्द आहे. रोगी म्हणतो, ‘जिवाला घोर लागला आहे’, ‘कशात मन लागत नाही’. गोळी का चुकली, हे विचारण्यापूर्वी या शब्दांत विचारपूस झाली, तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.