काजूच्या हंगामातला ताप

पेडण्यातल्या इब्रामपूरच्या सीमेपलीकडे दोडामार्ग आहे. त्या बाजूच्या गावांत आणि गोव्यातल्या सत्तरीत गेल्या दहा वर्षांत माकडताप येऊन गेला. काजू गोळा करायला बागेत जाणाऱ्या माणसांनी तो ओळखायला हवाच.

१९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू पहिल्यांदा सापडला. तो पसरतो गोचिडीमार्फत, आणि त्यातही तिळाएवढ्या पिल्लांमार्फत. डिसेंबर ते मे या काळात ती पातेऱ्यात असतात, आणि बोंडं वेचायची वेळही त्यातच येते. माणसापासून माणसाला हा आजार होत नाही, त्यामुळे रोग्याला वाळीत टाकू नये.

गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांनी एकदम थंडीताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, अंग मोडून येणं, उलट्या. यावर नेमकं औषध नाही. पाणी, विश्रांती आणि देखरेख हाच उपचार. ताप उतरवायला पॅरासिटामोल चालतं, पण अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. नाकातून वा हिरड्यांतून रक्त, काळी शौच, गुंगी दिसली तर थेट म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) गाठा. डॉक्टरांना 'बागेत गेलो होतो' हे आधी सांगा, त्यावरूनच रक्ततपासणी ठरते.

काही जणांना ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा येतो. तेव्हा हात थरथरतात, भ्रम होतो.

बागेत पूर्ण बाह्या आणि मोज्यांत खोचलेली विजार घाला. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून मुलांच्या कानांमागे, काखेत, जांघेत बघा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल किंवा चटका नको. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.