वाग्दत्त वधूचें प्रवेशपत्र

साखरपुड्याला आपल्याकडे मान मोठा. पण सरकारी दप्तरांत त्याची नोंद कोठेंच होत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र या वाङ्‌निश्चयाला कायद्यानें एक स्थान दिलेलें आहे. तेथील नागरिकाशीं विवाह करूं इच्छिणाऱ्या परदेशस्थ वधूला किंवा वराला, विवाह ठरलेला आहे एवढ्याच आधारावर त्या देशांत प्रवेश मिळूं शकतो. हें प्रवेशपत्र, म्हणजे व्हिसा, 'के-१' या नांवानें ओळखलें जातें. महाराष्ट्रांतील कित्येक घरांतील मुलेंमुली आतां तिकडे स्थायिक झालेलीं आहेत. तेव्हां त्याचें स्वरूप समजून घेणें इकडील वडीलधाऱ्यांसही अगत्याचें आहे, कारण या प्रकरणांतील एक घातक चूक त्यांच्याच हौसेंतून होऊं शकते.

या कायद्याचें मूळ दुसऱ्या महायुद्धांत आहे. परमुलखांत गेलेल्या अमेरिकन सैनिकांनीं तेथें विवाह केले. त्यांच्या बायकामुलांना आणण्याची सोय डिसेंबर १९४५ च्या कायद्यानें झाली. पण ज्यांचें लग्न नुसतें ठरलें होतें त्या मुली मागेंच राहिल्या. त्यांच्यासाठीं जून १९४६ मध्यें दुसरा कायदा झाला. मुलीनें तीन महिन्यांसाठीं यावें व त्या अवधींत लग्न करावें, नाहीं तर परत जावें, असा त्याचा आशय होता. पुढें एप्रिल १९७० मध्यें ही सवलत सैनिकांपुरती न ठेवतां सर्व नागरिकांना कायमची देण्यांत आली. तीन महिन्यांची जुनी मुदत ९० दिवसांच्या रूपानें आजही टिकून आहे.

अर्जाचा आरंभ वधूनें नव्हे, तर अमेरिकेंतील नागरिकानें करावयाचा असतो. केवळ ग्रीन कार्ड असलेल्या रहिवाशास हा अधिकार नाहीं. पुष्कळांची येथेंच गफलत होते. अर्ज मंजूर झाला म्हणजे प्रकरण वधूच्या देशांतील वकिलातीकडे येतें. मग नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी, पोलिसांचा दाखला, वराची पोसण्याची ऐपत दाखविणारीं कागदपत्रें आणि शेवटीं मुलाखत, असा क्रम असतो. पूर्वीं कोणाचा घटस्फोट झालेला असल्यास त्याचा हुकूमनामा लागतो.

अर्जापूर्वींच्या दोन वर्षांत उभयतांची निदान एकदां प्रत्यक्ष भेट झालेली असली पाहिजे, असा एक नियम आहे. दूरध्वनीवरील किंवा पडद्यावरील भेट येथें चालत नाहीं. ज्या समाजांत लग्नापूर्वीं वधूवरांनीं एकमेकांस पाहणें हें दृढ रूढीच्या विरुद्ध आहे त्यांच्यासाठीं, तसेंच भेटीमुळें अर्जदारावर अतोनात कष्ट ओढवत असतील तर, अपवाद ठेवलेला आहे. परंतु रूढीचा पुरावा द्यावा लागतो. आणि कांदेपोहे घेऊन समोरासमोर बसविणाऱ्या आपल्या घरांना तो देतां येणें अवघड!

आतां त्या हौसेच्या चुकीविषयीं. मुलगी दूर जाणार, तिकडे नोंदणीच्या कचेरींत लग्न होणार, आपल्याला अक्षता टाकतां येणार नाहींत, या विचारानें आईचा जीव कासावीस होतो. मग कोणी सुचवितो, "इथें देवळांत विधि उरकून घेऊं, कायद्याचें लग्न तिकडे होईलच." हेंच नेमकें नडतें. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणें, जेथें सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. नोंदणी केली नाहीं म्हणून तो रद्द ठरत नाहीं. साहजिकच वकिलातीचा अधिकारी म्हणतो, "ही वाग्दत्त वधू नव्हे, ही पत्नी आहे," आणि के-१ नाकारतो. मंगळसूत्राचें एखादें छायाचित्रही त्याच्या मनांत शंका उत्पन्न करण्यास पुरें. त्यानंतर पत्नी म्हणून निराळा अर्ज पहिल्यापासून करावा लागतो व मधले महिने फुकट जातात. लग्न झालेलें असतां झालें नाहीं असें शपथेवर सांगणें तर याहून भयंकर. खोट्या विधानाचा डाग पुढील प्रत्येक अर्जाला लागतो. उलट, विधि न करतां नुसता दाखला मिळविला तर हिंदू विवाह कायद्यानें तो विवाहच नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं दिला आहे. म्हणून घरच्यांना मांडवच हवा असेल तर के-१ चा नाद सोडून येथेंच रीतसर लग्न करावें, त्याची नोंद करावी आणि पत्नीचा अर्ज करावा. साखरपुडा, ओटी, जेवणावळ यांना कशाचीच आडकाठी नाहीं. तो समारंभ साखरपुड्याचाच आहे हें मात्र स्पष्ट दिसलें पाहिजे.

के-१ वर प्रवेश एकदांच मिळतो. आल्यापासून ९० दिवसांत त्याच नागरिकाशीं लग्न व्हावें लागतें. मुदत वाढत नाहीं. बेत मोडला तर परत फिरावें लागतें. तेथेंच दुसऱ्या कोणाशीं लग्न करून कायमचा निवास मागण्याची वाट कायद्यानें बंद केलेली आहे. लग्नानंतर निवासाचा अर्ज करावयाचा. तो प्रलंबित असतां पूर्वपरवानगीवांचून देश सोडल्यास सोडून दिला असें मानलें जातें. येथें आजी अत्यवस्थ असली तरी नात विमानांत बसूं शकत नाहीं. प्रथम परवानगी, मग प्रवास. वेगळी परवानगी येईतों नोकरीही करतां येत नाहीं. पहिले कित्येक महिने मुलगी सर्वस्वीं नवऱ्यावर अवलंबून असते, ही गोष्ट मुलीच्या बापानें आधींच जाणावी.

निवास मिळतो तेव्हां विवाहास दोन वर्षें झालेलीं नसल्यास, १९८६ च्या कायद्यानुसार तो दोन वर्षांपुरता सशर्त असतो. ती मुदत संपण्यापूर्वींच्या ९० दिवसांत दोघांनीं मिळून अर्ज करावा लागतो. घटस्फोट झाला किंवा नवऱ्यानें छळ केला, तर लग्न खऱ्या भावनेनें केलें होतें हें दाखवून पत्नीला एकटीलाही अर्ज करतां येतो. मात्र त्यासाठीं एकत्र संसाराचे पुरावे लागतात: घरभाड्याचा करार, बँकेचीं खातीं, पत्रव्यवहार. या सर्वांच्या नकला मुलीनें पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ ठेवाव्या, आणि एक संच माहेरींही असूं द्यावा.