वीस हजारांत पैसे कुठे वाचतात?

मी साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये हिशेब लिहिते. खैरानी रोडच्या आजूबाजूला शिलाईचे, पॅकिंगचे, पत्र्याच्या सुट्या भागांचे छोटे कारखाने आहेत. त्यांतल्या अनेकांना पूर्णवेळ अकाउंटंट परवडत नाही. मग मी ठरलेल्या दिवशी जाते, बिलं टॅलीत चढवते आणि महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला जीएसटीआर-३बी वेळेत जाईल एवढं बघते. त्यासाठी माझ्याकडे वीस हजारांच्या आतला एक लॅपटॉप आहे: ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, दोन कोअरचा प्रोसेसर, चौदा इंची स्क्रीन. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण या किमतीत सगळ्यांची जातकुळी एकच.

‘स्वस्त लॅपटॉप म्हणजे स्लो’ असं लोक सरसकट म्हणतात. ते खरं नाही. टॅलीत व्हाउचर टाकताना माझ्या लॅपटॉपला महागड्या मशीनपेक्षा जास्त वेळ लागत नाही, कारण टॅलीला फार काही लागतच नाही. तो अडतो ठरावीक जागी. किंमत खाली आणण्यासाठी जिथे जिथे काटकसर केलेली असते, नेमका तिथेच. त्या जागा कळल्या की त्याच्याशी जमवून घेता येतं. न कळताच विकत घेतला, तर रोज कपाळावर हात मारायची वेळ येते.

पहिली जागा स्टोरेजची. महागड्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. या किमतीत बऱ्याचदा ईएमएमसी मिळते. ही मोबाइलमध्ये वापरतात त्या घराण्यातली चिप, थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली. तिचा कागदोपत्री कमाल वेग सेकंदाला ४०० एमबी, तर साध्या एनव्हीएमई एसएसडीचा दोन-तीन हजार. पण रोज जाणवते ती अडचण आकड्यांच्या पलीकडची आहे. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते, दोन्ही एकदम तिला जमत नाही. आमच्या इथल्या आतल्या गल्लीत समोरून मालाचा टेम्पो शिरला की रिक्षा जिथल्या तिथे थांबते, तसंच हे. मागे अपडेट उतरत असेल, तर साधी एक्सेलची फाइल उघडायलाही ताटकळावं लागतं. माउस हलतो, पण क्लिक केलेलं काही लागत नाही. त्या वेळी चिडून आणखी चार ठिकाणी क्लिक केलं की रांग वाढते, बाकी काही होत नाही.

दुसरी जागा रॅमची. विंडोज ११ सुरू झाल्या झाल्या ४ जीबीतला निम्म्याहून अधिक भाग स्वतःसाठीच घेतं. उरलेल्यात बँकेची साइट, जीएसटी पोर्टल, मेल आणि व्हॉट्सअॅप वेब अशा चार टॅब उघडल्या की रॅम संपली. मग विंडोज जादा ओझं स्टोरेजवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. म्हणजे कमी रॅमची भरपाई करायची जबाबदारी त्याच संथ ईएमएमसीवर येऊन पडते. दोन वेगवेगळ्या काटकसरी इथे एकमेकींना गाठतात, आणि आपण म्हणतो, ‘हँग झाला’. यावर माझा तोडगा साधा आहे. गाळ्यातली मंडळी बिलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतात, ते मी फोनवरच उघडते. लॅपटॉपवर टॅली आणि पोर्टल, बस. ब्राउझरमधला मेमरी सेव्हर चालू ठेवते आणि मशीनबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून बंद करून टाकते. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

खोक्यावरच्या ‘६४ जीबी’ची गंमतही समजून घ्यावी. कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४च्या पटीने मोजतं, म्हणून तेच ६४ जीबी स्क्रीनवर जेमतेम ५९-६० दिसतात. यात फसवणूक कोणाचीच नाही, फक्त दोन मापं आहेत. पण त्यातून विंडोज, त्याच्या राखीव फाइली आणि पुढच्या अपडेटसाठी लागणारी मोकळी जागा वजा केली की आपल्या हाती निम्म्याच्या आसपास उरतं. मोठी अपडेट आली आणि जागा नसली, तर ती अर्ध्यात अडकते. म्हणून जुन्या वर्षांचे टॅली बॅकअप मी बाहेरच्या ड्राइव्हवर हलवते, आणि रिटर्नच्या तारखांच्या आसपास अपडेट आठवडाभर पुढे ढकलते. तशी सोय सेटिंग्जमध्येच आहे.

तिसरी जागा स्क्रीनची. १३६६ बाय ७६८चं रिझोल्युशन आणि टीएन जातीचं पॅनल. समोर बसलं तर ठीक, पण शेठ मागे उभे राहून वाकून बघायला लागले की त्यांना आकडे पांढुरके दिसतात. ‘मॅडम, यात काही दिसत नाही,’ हे वाक्य मी जवळपास प्रत्येक गाळ्यात ऐकलं आहे. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवणं आणि झाकण थोडं मागे झुकवणं, एवढाच इलाज. उन्हाळ्याचा त्रास निराळा. या लॅपटॉपना बहुधा पंखा नसतो. वरती पत्रा, शेजारी इस्त्रीचं टेबल अशा जागी प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. मे महिन्यात दुपारचं जड काम मी सकाळवर टाकते.

स्वस्त मशीन बनवणं हे वाईट काम आहे, असं मला अजिबात म्हणायचं नाही. २००७ साली कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. भारतातला तो पहिला प्रयोग. २५६ एमबी रॅम, १ जीबी स्टोरेज. आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण स्क्रीन भर उन्हात वाचता येत असे, आणि मशीन उघडून दुरुस्त करता यावं म्हणून जादा स्क्रू त्याच्या हँडलमध्येच ठेवलेले होते. ठरवलेली शंभर डॉलरची किंमत काही जमली नाही, ती जवळपास दुप्पट झाली. तरी काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे वापरणाऱ्या मुलांकडे बघून ठरवलेलं होतं.

दुसरं उदाहरण साकी विहार रोडने पुढे पवईला गेलं की सापडतं. ‘आकाश’ टॅबलेट ५ ऑक्टोबर २०११ला आला, तेव्हा त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि नखाने दाबून चालवावी लागणारी रेझिस्टिव्ह स्क्रीन होती. टीका झाली ती याच दोन गोष्टींवर. नंतर पवईच्या आयआयटी मुंबईने या टॅबलेटची सूत्रं घेतली आणि ११ नोव्हेंबर २०१२च्या ‘आकाश २’मध्ये एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि बोटाच्या स्पर्शाने चालणारी स्क्रीन आली. वस्तू स्वस्तच राहिली, बदलली ती काटकसरीची जागा.

माझा लॅपटॉप घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडे गेले, तेव्हा त्याने मागचं झाकण उघडून दाखवलं. ‘ताई, यात रॅम वाढणार नाही, बोर्डलाच आहे.’ खरेदीचा खरा निकष हाच. कमी रॅम ही अडचण नव्हे, ती पुढे वाढवता येते. कायमची बसवलेली कमी रॅम ही अडचण.

गाळ्यांमधले कारागीर मला विचारतात, पोरीला कॉलेजसाठी कुठला घेऊ? मी सांगते, फक्त ऑनलाइन तास, टायपिंग आणि अर्ज भरायचे असतील तर असा नवा लॅपटॉप चालेल. फक्त त्यात विंडोजचा ‘एस मोड’ आहे का ते बघा. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर चढत नाही. तो फुकट काढता येतो, मात्र पुन्हा लावता येत नाही. टॅली लागणार नसेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून घ्या. तेच मशीन हलकं वाटतं आणि त्यावर मराठी टायपिंगही होतं. पण चार-पाच वर्षं काम काढायचं असेल, तर तेवढ्याच पैशांत कंपन्यांमधून परत आलेला, नीट तपासलेला जुना बिझनेस लॅपटॉप बघा. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या मागचा घेऊ नका. त्यावर विंडोज ११ला अधिकृत मान्यता नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. बॅटरी बदलावी लागेल असं धरूनच भाव करा.

नवा घ्या की जुना, दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: रॅम वाढवता येईल का, आणि स्टोरेज बदलता येईल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही आज जेवढं घेताय तेवढंच शेवटपर्यंत तुमच्याकडे राहणार. तेवढ्यात तुमचं काम भागत असेल, तर बिनधास्त घ्या. माझं भागतं.